नेव्हीसारखा पांढरा ड्रेस आणि टीसीचा काळा कोट : मालवणातल्या एका टेलरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मोठ्या माणसांसाठी आहे, अठरा पूर्ण झालेल्या आणि त्यातही लग्न जरा जुनं झालेल्या लोकांसाठी. चावट काही लिहिणार नाहीये, पण विषय नवरा-बायकोच्या बंद दाराआडचा आहे, तेव्हा ज्यांना चालणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरा. टेलरचं नाव आणि दुकानाची खूण देणार नाही. मालवण केवढं आहे ते तुम्हाला माहितीये, "बाजारपेठेतला म्हातारा टेलर" म्हटलं तरी चार माणसं ओळखतील, मग पाचव्याला मी कोण ते पण कळेल.

तर विषय असा की मला वर्दीचं आकर्षण आहे. आज नाही, पहिल्यापासून. कॉलेजला एसटीने जायचे तेव्हा मैत्रिणी हिरोंचे फोटो वहीत ठेवायच्या आणि मी कडक इस्त्रीतल्या कुठल्याही माणसाकडे बघत बसायचे, मग तो बंदर खात्याचा असो नाहीतर बँडपार्टीतला क्लॅरिनेटवाला असो. आणि नशिबाने नवरा मिळाला तो असा की बारा महिने बर्मुडा आणि बनियन. आमचा तारकर्लीच्या बाजूला होमस्टे आहे, चार खोल्या, आणि सीझनला मी सकाळी साडेपाचपासून ठरवतच असते. सुरमई घ्यायची की बांगडा, तीन नंबरच्या खोलीतल्यांना गरम पाणी कधी, कोणाला व्हेज, कोणाला उपास, गॅस संपत आला का. रात्री अकराला डोकं इतकं शिणलेलं असतं की नवऱ्याने "काय करूया?" विचारलं तरी राग येतो. अरे तूच ठरव ना काहीतरी!

हे सगळं मनात दडून राहिलं असतं, पण २०२३ च्या डिसेंबरात नेव्ही डे आला आपल्याकडे. ४ डिसेंबरला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने तारकर्लीच्या किनाऱ्यावर मोठा कार्यक्रम झाला, पंतप्रधान आले होते, तुम्हाला आठवत असेल. त्याच कार्यक्रमात नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर शिवाजी महाराजांच्या वारशाची झलक दिसणार असं जाहीर झालं. बाकीच्यांना युद्धनौका दिसल्या, हेलिकॉप्टरं दिसली. मला दिसले ते पांढरे शर्ट. त्या खाऱ्या वाऱ्यात, वाळूत, घामात एक सुरकुती नाही! आमच्याकडे पांढरी चादर दोन दिवसांत पिवळी पडते हो. मी नवऱ्याला म्हटलं, बघ जरा कसे दिसतायत, तर हा म्हणे "गरम होत असणार बिचाऱ्यांना".

त्या रात्री सांगून टाकलं. अकरा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला असं काही सांगताना जीभ जड होते, पहिला दिवस असता तर सोपं गेलं असतं. आधी हसला, चांगला पाच मिनिटं हसला. मग गप्प झाला आणि म्हणाला, खरं सांगू का, माझंही एक आहे. लग्नाआधी कोकणकन्येने येताना जनरलचं तिकीट काढून हा स्लीपरमध्ये चढला होता आणि रत्नागिरीच्या पुढे एका बाई टीसीने पकडलं. काळा कोट, पांढरी पँट, हातात पावतीपुस्तक. तिने आवाज चढवला नाही, नुसतं "तिकीट" म्हणाली आणि हात पुढे करून थांबली. भाड्यातला फरक आणि वर किमान अडीचशे दंड, रीतसर पावती फाडली, आणि हा कुडाळपर्यंत दाराजवळ उभा राहून तिचाच विचार करत आला. म्हणजे दंड भरून प्रेमात पडलेला माणूस. अकरा वर्षं मला कळलं नव्हतं!

मग पहिली चूक केली ती म्हणजे ऑनलाइन मागवलं. वेबसाइटचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच आहेत. तिथे "अॅडल्ट कॉस्च्युम" म्हणून पोलिस, नर्स, एअर होस्टेस, मेड, काय वाट्टेल ते आहे. शाळेच्या गणवेशाचाही प्रकार ठेवलाय लोकांनी, तो बघून अंगावर काटा आला, पोरांच्या गोष्टी या खेळात येता कामा नयेत, विषय संपला. टीसी अर्थातच नव्हता, कोकण रेल्वेचा विचार कोण करतंय. नवरा म्हणाला नर्स बघू, मागवला. पार्सल आलं तेव्हा कुरिअरवाला पोरगा अंगणात उभा राहून विचारतो, "वहिनी, काय मागवलंत, एकदम हलका हा." हलकं असणारच. आत होता वीतभर पॉलिस्टर, शिवण दोऱ्याला लटकलेली, पाठीमागे चिकटपट्टी, लाल क्रॉसचं स्टिकर, आणि प्लॅस्टिकचा स्टेथोस्कोप जो माझ्या भाच्याच्या डॉक्टर सेटमधला वाटेल. आपल्या दमटपणात तो कापडाचा प्रकार अंगाला असा चिकटला की मी आरशात बघितलं आणि मला वर्दीतली बाई दिसलीच नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेलं कोलिम, म्हणजे बारीक जवळा, दिसलं.

पण न आवडायचं खरं कारण दुसरंच होतं. माझी मावसबहीण सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तिने एकदा सांगितलं होतं, नाईट ड्युटीला पेशंटबरोबर आलेले पुरुष कसे बघतात, "सिस्टर" म्हणताना आवाज कसा लावतात, आणि हे सगळं कुठून शिकून येतात ते आम्हाला कळत नाही असं वाटतं का यांना. ते वाक्य डोक्यात बसलेलं. त्या पोशाखात उभी राहिल्यावर मला तीच आठवली, सोळा तास उभं राहून पाय सुजलेली. मी नवऱ्याला म्हटलं हा खेळ माझ्याच्याने होणार नाही. तो पण लगेच नको म्हणाला. आपण घरात काय खेळायचं तो आपला प्रश्न आहे, पण कोणाच्या खऱ्या नोकरीचा चोळामोळा होतोय का एवढं बघावं माणसाने. पॉलिस्टरचं आता फरशी पुसायचं फडकं झालंय, त्या कामालाही धड नाही, पाणी ओढत नाही. एक तारा, तोही पार्सल वेळेत आलं म्हणून.

यावर मी पुष्कळ विचार केला, पावसाळ्यात होमस्टे बंद असतो तेव्हा डोक्याला दुसरं काम नसतं. ऑनलाइनवाल्यांचं चुकतं कुठे? त्यांना वाटतं वर्दीचं आकर्षण म्हणजे उघडं अंग, म्हणून ते कापड कमी करत जातात. अहो पण उलटं आहे ना सगळं! वर्दीत माणूस गळ्यापर्यंत बंद असतो. बटणं, पट्टा, कडक कॉलर, खिशाला फ्लॅप, सगळं झाकलेलं, आणि वर ड्युटीवर असल्याचा तो चेहरा, म्हणजे हा माणूस आत्ता तुमचा कोणी नाही, नियमाचा आहे. त्यातला नियम काढून टाकलात तर राहिलं काय, कपडा.

आणि नियमाची ताकद काय असते याचा एक मस्त प्रयोग वाचला होता. अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये लिओनार्ड बिकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केलेला, १९७४ साली छापून आला. रस्त्यावर एक माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतो, ती पिशवी उचला, किंवा पार्किंग मीटरजवळच्या त्या माणसाला सुटे द्या. कधी तो साध्या कपड्यात, कधी दूधवाल्याच्या ड्रेसमध्ये, कधी गार्डच्या. लोकांनी सगळ्यात जास्त ऐकलं ते गार्डचं, आणि दूधवाल्याचं साध्या कपड्यातल्या माणसापेक्षा काही फार ऐकलं नाही. म्हणजे नुसता ड्रेस असून भागत नाही, ड्रेसला अधिकार लागतो. त्यातही मजा अशी की गार्ड सांगून निघून गेला, बघायला थांबला नाही, तरी लोकांनी सांगितलेलं केलं. हे वाचल्यावर मला कळलं की आमच्या होमस्टेचा लोगो छापलेला टीशर्ट घालून नवरा फिरतो त्याने मला काहीच का होत नाही. तो दूधवाला आहे.

मग खाकी का नको, असं नवऱ्याने विचारलं, कारण खाकी शिवणं सोपं, कापड कुठेही मिळतं. खाकी आपल्याच किनाऱ्याची म्हणायला हरकत नाही, पंजाब-पेशावरकडे लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पलटणीने १८४० च्या दशकात ती अंगावर घेतली, पण पक्क्या खाकी रंगाचं श्रेय मंगळूरच्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या विणकाम कारखान्यातल्या हॅलर नावाच्या माणसाला देतात, साल १८५१. असो. पण आपल्याकडे खाकी बघितली की पहिलं काय आठवतं? चौकी, पंचनामा, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, "साहेब बाहेर गेलेत, उद्या या." माझ्या आजीच्या शब्दात, खाकी दारात आली की चूल विझते. ज्या वर्दीला बघून पोटात गोळा येतो तिच्याशी बेडरूममध्ये खेळणं काही लोकांना आवडत असेल, भीतीचंच तर खेळणं करायचं असतं असंही म्हणतात, पण मला नाही जमत. बाहेरच्या देशांत तर काहीजण नाझींच्या काळ्या वर्दीपर्यंत पोचतात, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. पांढऱ्यात मला समुद्र दिसतो. आमच्या वाडीत घराआड एक माणूस बोटीवर, तो सहा-आठ महिन्यांनी परत येणार, त्याची वाट बघणं, हे सगळं त्या पांढऱ्यात आहे. प्रत्येकाची वर्दी त्याच्या गावातून येते असं माझं मत झालंय.

आता टेलर.

हा माणूस सत्तरीच्या आसपासचा, दुकान म्हणजे दोन मशिनी, एक पंखा आणि भिंतीवर देवीचं कॅलेंडर. बँडपार्टीचे ड्रेस, सिक्युरिटीवाल्यांचे शर्ट, गॅदरिंगच्या ड्रेपरीची डागडुजी, हौशी नाटकवाल्यांचे इन्स्पेक्टर, सगळं याच्याकडे. मी जाऊन सांगितलं की नाटकासाठी दोन ड्रेस हवेत. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"खयच्या नाटकाक?"

"आमच्या गावच्या. हौशी."

"पात्रां किती?"

"दोनच," मी म्हटलं आणि कानापर्यंत तापले.

"बरां," म्हणाला. बस. पुढे एक प्रश्न नाही. सर्व्हिस म्हणजे काय ते मी त्या "बरां"मध्ये बघितलं, मोठमोठ्या हॉटेलांत ट्रेनिंग देऊन येत नाही ते.

पांढऱ्या ड्रेसचा मोबाइलवरचा फोटो दाखवल्यावर मात्र त्याने बोट उचललं. "नेव्हीसारखो शिवतंय. पण बिल्लो, पट्टी, नावाची पाटी, यातला काय्येक लावूचंय नाय. ता माझ्या दुकानातना व्हायत नाय." बरोबरच आहे त्याचं. सैनिक, नौसैनिक असल्याचं लोकांना भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेत १६८ कलम, आणि सरकारी नोकराच्या वेशात फसवायला गेलात तर २०५, दोन्हीकडे तीन महिन्यांपर्यंत कैद. घरात, दार लावून, बायकोसमोर, कोणालाही न फसवता, हा वेगळा भाग, पण उद्या तो ड्रेस चोरीला गेला आणि कोणी घालून फिरला तर? पठाणकोटच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्ये लष्कराने लोकांना आवाहन केलंच होतं की आमच्यासारखे कपडे घालू नका, विकू नका. म्हणून आमच्या पांढऱ्या ड्रेसच्या खांद्यावर नुसत्या कोऱ्या निळ्या पट्ट्या आहेत आणि पितळेची बटणं साधी, नांगराशिवाय. टीसीच्या कोटालाही बॅज नाही. खरं सांगू, कमी काही वाटलं नाही. उलट ती कोणत्याही देशाची नसलेली नेव्ही आमच्या दोघांचीच झाली.

माप घ्यायला नवऱ्याला न्यावं लागलं. हा लाजून कोपऱ्यात उभा, आणि म्हाताऱ्याने टेप टाकला तो आधी खांद्यावर. छाती, कंबर नंतर. म्हणाला, "वर्दी माणूस घालना नाय, खांदो घालता. खांदो उतरलो काय कितीय इस्त्री मार, वॉचमनच दिसतलो." मग त्याने नवऱ्याच्या पाठीच्या मधोमध दोन बोटं टेकवली आणि नुसतं दाबलं. आणि हा माणूस, जो अकरा वर्षं माझ्यासमोर पोक काढून बसतो, सरळ झाला! मी तिथल्या तिथे म्हाताऱ्याला पाच तारे दिले असते.

शिवणकामाचं जरा बारीक सांगते कारण खरा पैसा तिथे वसूल आहे. कापड टेरीकॉट सुचवलं त्याने, सुती नको म्हणाला, आपल्या हवेत सुती पांढरं तासाभरात लोळतं. कॉलरमध्ये आणि खिशाच्या फ्लॅपमध्ये बकरम, म्हणजे कडकपणासाठी आत घालतात तो कापडाचा थर, तोही जाडा. खिशाला मधोमध पेटीची चुणी. खांदपट्टी वरून चिकटवलेली नाही, शिवणीत घेतलेली आणि कॉलरजवळ बटण. शर्टाला पुढून-मागून ज्या उभ्या इस्त्रीच्या रेघा असतात तिथे त्याने आतून बारीक टीप मारली, म्हणजे धुतल्यावरही रेघ जागची हलत नाही. ही युक्ती मला माहीतच नव्हती. पँटची मोहरी बुटावर एकदाच मोडेल एवढीच लांब. माझा काळा कोट तर काय सांगू, आत अस्तर, बाहीला मागे तीन बटणं, आणि आतल्या बाजूला एक लांबट खिसा त्याने न सांगता दिलेला. कशाला विचारलं तर म्हणे, "पावतीबुक खय ठेवतलंस?" मी त्याला टीसीचं पात्र आहे एवढंच सांगितलं होतं. म्हणजे माणूस पात्राचा विचार करतो. ऑनलाइनवाल्यांना हे सात जन्मात सुचणार नाही.

ट्रायलला दोनदा बोलावलं. दुसऱ्या ट्रायलला मी कोट घालून त्याच्या तडकलेल्या आरशासमोर उभी राहिले आणि आपोआप हात मागे बांधले गेले. सकाळपासून मासेवालीशी हुज्जत घालणारी मी कुठे गेली कळलं नाही.

खर्च दोन्ही मिळून कापड, बटणं, अस्तर, शिलाई सगळं धरून सहा हजारांच्या आत. स्वस्त नाही. पण पॉलिस्टरचे तीन ड्रेस फेकून देण्यापेक्षा स्वस्त. पावतीपुस्तक स्टेशनरीच्या दुकानातून कार्बनसकट घेतलं.

आता वापरून कसं वाटलं ते विचाराल. जेवढं सांगण्यासारखं आहे तेवढं सांगते. आमच्याकडे दशावतारातल्या लोकांबद्दल म्हणतात ना, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, ते मला लहानपणी दयेचं वाक्य वाटायचं. आता वाटतं त्यात मजा पण आहे, कारण रात्रभर राजा होता येतं ते सकाळी बोजा असतो म्हणूनच. पहिल्या रात्री मी बेडरूमच्या दारात उभी राहिले, कोट, पांढरी पँट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि म्हटलं, "तिकीट." नवरा पलंगावर बसून मोबाइल बघत होता. त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा असा पडला जसा खरोखर कणकवलीच्या अलीकडे पकडला गेलाय. उठून उभाच राहिला. खिसे चाचपायला लागला, बर्मुडाचे! मी पुस्तक काढलं, पेन काढलं, "कुठून बसलात?" विचारलं आणि कार्बनवर दाबून पावती लिहिली, एक अक्षर न हसता. पावतीवर काय लिहिलं ते आमच्यातच राहू दे. दंड भरला गेला.

आणि पांढरा ड्रेस घालून तो आला तेव्हा दोन गोष्टी झाल्या. एक, मला तो ओळखीचा वाटला नाही, चेहरा तोच पण माणूस परका, आणि अकरा वर्षांच्या नवऱ्याकडे परक्यासारखं लाजून बघता येणं ही काय चीज आहे ते ज्यांचं लग्न जुनं झालंय त्यांनाच कळेल. दुसरं, तो म्हणाला, "आज तुम्ही काहीही ठरवायचं नाही." तुम्ही म्हणाला मला! आयुष्यात पहिल्यांदा. रात्रीच्या वेळी मला मासे, पाणी, गॅस, पाहुणे काही ठरवायचं नव्हतं, नुसतं सांगितलेलं ऐकायचं होतं. त्या हुकमात मला जेवढा आराम मिळाला तेवढा गोव्याच्या स्पामध्ये मिळाला नव्हता.

पण एक आधी ठरवलेलं होतं, आणि कोणी करून बघणार असाल तर हे ठरवल्याशिवाय करू नका. खेळ मध्येच थांबवायचा असेल तर एक शब्द. "नको" चालत नाही कारण नको म्हणणं हाही खेळाचाच भाग होऊ शकतो. आमचा शब्द आहे सोलकढी. म्हटलं की सगळं जागच्या जागी बंद, वर्दी उतरली, कोणी का विचारायचं नाही. आम्ही एकदा वापरला, मीच वापरला, हुकूम जरा जास्त खरा वाटायला लागला होता तेव्हा. नवरा लगेच खाली बसला, टोपी काढली आणि पाणी आणून दिलं. वर्दी कोणाच्याही अंगात असली तरी ती चालते समोरच्याच्या मर्जीवर, हे बाहेरच्या खऱ्या वर्दीवाल्यांना पण कोणीतरी सांगायला हवं.

मला आधी वाटायचं आपल्यात काहीतरी बिघाड आहे. हा शोध मी तेव्हाच घेतला होता, तर कळलं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या डॉक्टरांनी अशा आवडींना रोगांच्या यादीत घातलं, क्राफ्ट-एबिंगचं काम १८८६ चं, आणि फेटिश हा शब्द या अर्थाने वापरला आल्फ्रेड बिने याने १८८७ मध्ये, तोच बिने ज्याच्यावरून पुढे बुद्ध्यांकाच्या चाचण्या आल्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेची जी नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली तिच्यातून हे बाहेर काढलंय, दोन्ही मोठ्या माणसांची राजीखुशी असेल तर तो आजार नाही. म्हणजे जवळजवळ एकशे पस्तीस वर्षं लागली. फिनलंडमध्ये तर टॉम ऑफ फिनलंड नावाने वर्दीतल्या रांगड्या पुरुषांची चित्रं काढणाऱ्या माणसाची चित्रं २०१४ मध्ये पोस्टाच्या तिकिटांवर आली, जी एकेकाळी लपवून विकली जायची. आपल्याकडे पोस्टात तिकीट चिकटवायला डिंक धड मिळत नाही ते जाऊ दे.

तक्रारी. एक, वेळ. आठ दिवसांत देतो म्हणाला, तेवीस दिवस लावले, मध्ये जत्रांचा सीझन आला आणि कोणाच्या तरी राजाचा अंगरखा आमच्या पुढे घुसला. दोन, पँटचं हूक दुसऱ्याच वेळी निघालं, ऐन मोक्याला, आणि गंभीर चेहरा करून हुकूम सोडणाऱ्या माणसाची पँट सरकली तर बायकोने काय करायचं, मी हसून हसून पलंगावरून खाली आले. सोलकढी म्हणायचीही गरज पडली नाही. तीन, ही त्याची चूक नाही पण लिहून ठेवते, आपल्या पावसाळ्यात काळ्या कोटाला बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर कोटाला वास असा लागला की टीसीबाई थेट आजीच्या ट्रंकेतून आल्यासारख्या. कापूर आणि लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा ऊन दाखवा.

ऊन दाखवण्यावरूनच पुढचं महाभारत झालं. ऑगस्टमध्ये चार दिवस चांगलं ऊन पडलं म्हणून मी पांढरा ड्रेस मागच्या पडवीत वाळत घातला आणि बाजारात गेले. परत येते तर सासूबाई त्याच्यासमोर उभ्या, बाही हातात धरून शिवण बघतायत.

"ह्यो कोणाचो गो ड्रेस?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. नवरा मागून आला आणि म्हणाला, होमस्टेचा. स्टाफचा. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून. खोटं बोलण्यात हा एरवी माठ, पण त्या दिवशी सरस्वती जिभेवर.

आईंनी परत एकदा कॉलर चाचपली. "बरो शिवलोहा. मगे घालणस कित्याक नाय? चतुर्थीक पावणे येतले तेव्हा ह्योच घालून वाढ."

आणि गणपतीत, अहो, हा माणूस तो ड्रेस घालून पाहुण्यांना वालीची भाजी आणि मोदक वाढत होता! मी स्वयंपाकघरातून बघत होते. पुण्याच्या एका काकूंनी फोटो काढला, "किती प्रोफेशनल" म्हणाल्या. छातीवर तुपाचा डाग पडला. आणि मला, ज्या बाईला त्या पांढऱ्याकडे बघून काय काय व्हायचं, तिला काहीही झालं नाही. रात्री त्याने परत घालून बघितला, तरी मला वालीची भाजीच दिसत होती. महिनाभर तसंच. दूधवाला झाला ना त्याचा.

म्हणून गेल्या आठवड्यात परत त्या टेलरकडे फोन केला. सांगितलं की तोच पांढरा ड्रेस अजून एक हवा, माप तुमच्या वहीत आहेच, आणि खांदपट्ट्या या वेळी काळ्या करा, म्हणजे दोन्हींत गोंधळ होणार नाही. पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला.

"पयलो खय गेलो?"

"तो... दुसऱ्या नाटकात गेला."

"बरां," म्हणाला. मग जरा थांबून, "हूक होयो की झिप?"

मी झिप म्हटलं. या वेळी किती दिवस लागतील ते विचारायचं राहिलं.